आजी आणि तिच्या लक्ष्मीबाई

नाशिकला शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीत आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये कमरेएवढी भिंत आहे. पूर्वी तिथे मेंदीचं कुंपण होतं, म्हणून भिंत झाली तरी नाव कुंपणच राहिलं. उन्हाळ्यात कुरडयांच्या पाट्या, पावसाळ्यात न वाळलेले टॉवेल आणि बारा महिने आम्हा बायकांची कोपरं, एवढं सगळं ती भिंत सोसते. परवा वहिनी पलीकडून आल्या त्या तक्रार घेऊनच.

"ताई, मला आता वैताग आलाय. जो येतो तो म्हणतो, तुमच्या सासूबाई म्हणजे देवमाणूस. स्मरणाच्या उपासनेत पाळकसाहेब तेच बोलले, महिला मंडळ तेच बोललं. अहो, पण देवमाणसाबरोबर एका स्वयंपाकघरात संसार केलाय का ह्यांच्यापैकी कुणी?"

"नाही केला," मी म्हटलं, "म्हणून तर इतकं छान बोलता येतं त्यांना."

वहिनी हसल्या. हसता हसता डोळे पुसले आणि लगेच कुरडईचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला. मीठ कमी आहे म्हणाल्या. सासूची सवय सुनेत उतरते ती अशी.

वहिनींच्या सासूबाई म्हणजे अख्ख्या गल्लीच्या आजी. नव्वदीला टेकल्या होत्या. नाताळच्या करंज्या आमच्याकडे पोचत्या केल्या आणि मग गेल्या. माहेर नगर जिल्ह्यातलं, घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, सासर नाशिकचं. अंगावर नऊवारी, कपाळ मोकळं, हातात काचेच्या बांगड्या आणि पिशवीत 'उपासना संगीत'. ते गाण्यांचं पुस्तक म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यातली रेव्हरंड टिळकांची भजनं त्या पुस्तक न उघडताच म्हणायच्या, तरी ते जवळ लागायचंच.

"प्रार्थना करायच्या ती तरी हळू करावी ना," वहिनींनी धागा उचलला. "पहाटे पाचला मोठ्यानं. आमचे हे म्हणायचे, आई, देव काही बहिरा नाही. तर म्हणायच्या, देवाला नाही रे, तुम्हाला ऐकू जावं म्हणून."

ते खरंच होतं. आमच्या न्हाणीघराची खिडकी त्यांच्या खोलीसमोर. आमच्या ह्यांच्या साखरेचा आकडा त्या देवाला जेवणाआधीचा आणि जेवणानंतरचा असा वेगवेगळा सांगायच्या. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या पोरीचं लग्न, समोरच्यांचा कोर्टातला दावा, माझ्या भावाची दारू, सगळं रोजच्या रोज वर कळत होतं. मला आधी संकोच वाटायचा. पुढे असं झालं, की एखाद्या दिवशी आपलं नाव आलं नाही तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

"आणि ऊठसूट लक्ष्मीबाई!" वहिनी म्हणाल्या. "पाळकसाहेब पौलाचं पत्र काढायचे, आमच्या आई लक्ष्मीबाई काढायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, पलीकडच्या आळीत कुणी लक्ष्मीबाई राहतात आणि त्यांचं आईंवर फार वजन आहे. एकदा भेटून यावं म्हटलं!"

ह्या लक्ष्मीबाई म्हणजे 'स्मृतिचित्रे'वाल्या लक्ष्मीबाई टिळक. 24 फेब्रुवारी 1936 रोजी इथेच नाशिकात वारल्या. तेव्हा आमच्या आजी पाळण्यात असतील नसतील. पण बोलणं असं, की दोघी रोज एका नळावर भांडल्या असाव्यात.

आजींना सगळ्यात आवडायचं ते लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं प्रकरण. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868चा, गाव गोदाकाठचं जलालपूर, आपल्या नाशिकला लागूनच. माहेरचं नाव मनकर्णिका, गोखल्यांची मुलगी. घरातल्या एका वडीलधाऱ्याला 1857च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्यातून वडिलांना सोवळ्याचं जे वेड लागलं ते जन्मभर गेलं नाही. बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुवून घ्यायचे. "मीठ!" आजी कपाळाला हात लावायच्या. "धुतलेलं मीठ कुठे जातं ते बामणाला कळू नये?" आणि मग माझ्याकडे बघून, "तू मनावर घेऊ नको हो," असं म्हणून पुढे तेच पुन्हा रंगवून सांगायच्या.

"पण लोणच्याच्या बरणीला मला हात लावू द्यायच्या नाहीत त्याचं काय?" वहिनी उसळल्या. "मी एकदा तोंडावर म्हटलं, आई, लक्ष्मीबाईंचे वडील बरे म्हणायचे. मीठ धुवायचे, पण बरणीपाशी काठी घेऊन नाही बसायचे."

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, सोवळं वेगळं आणि लोणचं वेगळं. लोणच्याला खरंच विटाळ होतो."

बारा वर्षांच्या आत मनकर्णिकेचं लग्न झालं आणि ती लक्ष्मी टिळक झाली. नवरा नारायण वामन टिळक, आपल्या पुस्तकातले फुलामुलांचे कवी. त्यांचं शिक्षण नाशिकचंच, गणेशशास्त्री लेल्यांच्या हाताखालचं. विद्वान, मनानं मोठा, तापट आणि पैशाच्या बाबतीत अगदी फाटका. आज इथे, उद्या तिथे. नोकरी लागायची, सुटायची. मनात आलं की निघाले, बायकोला मागून कळायचं. आजींच्या मते हा माणूस संत होता आणि संताशी लग्न करू नये. हे त्या वहिनींना मुद्दाम ऐकवायच्या, कारण वहिनींचे यजमान कापणीच्या सणाला चर्चच्या आवारात स्वयंपाकी, वाढपी, हिशेबनीस सगळं स्वतःच होतात आणि घरचा गॅस संपलाय हे त्यांच्या लक्षात नसतं.

कापणीच्या सणावरून वहिनींना भोपळा आठवला.

"तो भोपळा आठवतो? उपासना झाल्यावर लोकांनी आणलेल्या भाज्यांचा, धान्याचा लिलाव असतो ना आमच्याकडे. पैसे मंडळीच्या कामाला जातात. आईंनी एका भोपळ्यावर बोली लावली. समोरून कुणीतरी चढवली. ह्यांनी आणखी चढवली. अहो, तेवढ्यात दोन महिन्यांची भाजी आली असती! आणि मग रिक्षाला पैसे नाहीत म्हणून भोपळा कडेवर घेऊन शरणपूर रोडनं चालत आल्या."

"आम्ही सगळ्यांनी खाल्ला तो," मी म्हटलं. "घारगे केले होते तुम्ही."

"मीच करणार. बोली त्यांची, घारगे माझे. टिळकांच्या घरीही हेच चालायचं म्हणे. 1917 साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. देवाच्या भरवशावर राहायचं म्हणाले. मी आईंना विचारलं, आणि चूल कुणाच्या भरवशावर? तर म्हणाल्या, लक्ष्मीबाईंच्या. ते काही पुस्तकात वेगळं सांगावं लागत नाही."

आता मधली मोठी गोष्ट. ती आजी नेहमी एका दमात सांगत, मीही तशीच सांगते. 1893 साली टिळक नागपूरकडून राजनांदगावला आगगाडीनं चालले होते. डब्यात एक गोरा साहेब भेटला. गप्पा झाल्या, त्यानं नवा करार हातात दिला आणि म्हणाला, तू दोन वर्षांत ख्रिस्ती होशील. 10 फेब्रुवारी 1895ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे साहेबाचा हिशेब बरोबर निघाला, आणि इकडे बायकोचं आभाळ फाटलं. पदरात लहानगा दत्तू, आधीची लेकरं गेलेली, नवरा जिवंत आणि संसार मोडलेला. त्या काळच्या ब्राह्मण घरात अशा बाईला कुठल्या रांगेत उभं करायचं हेच कुणाला कळेना. पंढरपूरला नातलगांकडे राहिल्या. रडल्या, भ्रमिष्टासारख्या झाल्या आणि त्याच दिवसांत कविता करायला लागल्या.

"मला तिथे टिळकांचा राग येतो," वहिनी म्हणाल्या. "आमच्या चर्चमध्ये टिळकांच्या बाप्तिस्म्यावर साक्ष सांगतात, लोक माना डोलावतात. बायकोचं काय झालं ते एक जण सांगत नाही."

"आजी सांगायच्या की."

"सांगायच्या. महिला मंडळात उभ्या राहून सांगायच्या. म्हणायच्या, आगगाडीतल्या साहेबानं टिळकांना पुस्तक दिलं, लक्ष्मीबाईंना कुणी काही दिलं नाही. त्यांना सगळं आपलं आपण शोधावं लागलं. म्हणून माझा विश्वास त्यांच्या विश्वासावर जास्त."

ह्या एका वाक्यासाठी मला आजी फार मोठ्या वाटतात. भक्तिमान म्हातारी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मिटलेले डोळे आणि हलणारी मान येते. आजींची मान फार वेळा आडवी हलायची.

चार-पाच वर्षांनी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे नगरला गेल्या, पण ख्रिस्ती व्हायला नव्हे. आपलं सोवळं घेऊन गेल्या. पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. टिळकांनीही बळजबरी केली नाही, तेवढं पुण्य त्यांच्या पदरात टाकलंच पाहिजे. आणि मग एके दिवशी ह्या बाईच्या डोक्यात आपोआप प्रश्न उभा राहिला, की ह्या जाती देवानं केल्या की माणसानं? तर उत्तर आलं, माणसानं. मग आपण का पाळायच्या? तिथल्या तिथे ठरलं, की ह्यापुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. बाप्तिस्मा अजून झालेला नव्हता. तो झाला 1900 साली. म्हणजे आधी पाण्याचा पेला आणि मग बाप्तिस्म्याचं पाणी. मीठ धुणाऱ्याची लेक ही!

पंडिता रमाबाईंची गोष्ट वेगळी. त्या 1883 साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या, शास्त्र्यांशी आणि बिशपांशी सारख्याच त्वेषानं वाद घातला, हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणलं. आजी रमाबाईंना मान देत, पण लांबून. रमाबाईंना वाद घालायला ग्रंथ होते. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्याच नव्हत्या, नवऱ्यानं शिकवलं तेवढं अक्षरज्ञान. त्यांना फक्त स्वयंपाकघर होतं, म्हणून त्यांनी धर्माचा निकाल तिथेच लावला.

इथवर आलं की आजी नेहमी थांबत. मग म्हणत, "आमच्या पणजीच्या हातचं पाणी गावात कोण पीत होतं ग? गावाबाहेर घर आमचं. पणजी विहिरीवर जाऊन उभी राहायची, कुणी वाढलं तर पाणी. आणि ही गोखल्यांची पोरगी म्हणते, द्या तुमच्या हातचं. आता तुला कळलं, मी हिला का सोडत नाही?"

वहिनी गप्प होत्या. कुरडईचे तुकडे उगीच एका ओळीत लावत होत्या. मग म्हणाल्या, "ताई, राग नका मानू, पण तो कप."

राग कसला मानायचा! कपाची गोष्ट गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. माझ्या सासूबाई भिंतीवरून आजींना चहा द्यायच्या तो एका ठरलेल्या कपात. दांडा उडालेला, निळ्या काठाचा कप. तो तुळशीमागच्या कोनाड्यात असायचा आणि आमच्या कपांत मिसळायचा नाही. आजी तो चहा रोज घेत. खाली ठेवताना विसळून ठेवत. एक शब्द नाही. मी नवी सून, मला वाटायचं त्यांच्या लक्षात आलं नसेल.

"लक्षात?" वहिनी म्हणाल्या. "घरी आल्यावर आम्हाला सांगायच्या, आज तुळशीमागच्या कपाला थोडी साखर जास्त होती."

आणि एका सकाळी आजी भिंतीशी आल्या त्या स्वतःचा कप घेऊन. गुलाबाच्या फुलांचा, सोनेरी कडेचा, नाताळला आलेल्या सेटमधला. भिंतीवर ठेवला आणि म्हणाल्या, "काकू, आजपासून ह्यात द्या. तुमच्याकडच्या कपाला दांडा नाही, बोटं भाजतात." एवढंच. सासूबाईंनी त्या दिवशी चहा त्यात ओतला, पण नंतर कितीतरी दिवस भिंतीकडे फिरकल्या नाहीत. मोठा अपमान झाला म्हणे. कुणी केला विचारलं तर सांगता येईना.

पुढे सासूबाई मोरीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. मी बाळंतपणाला माहेरी. हे दिवसभर कामावर. तेव्हा दुपारचं जेवण भिंतीवरून यायला लागलं. मुगाची खिचडी, ताक, कधी मेथीची पातळ भाजी. आजी स्वतः भरवायला बसायच्या. मी परत आल्यावर सासूबाईंना हळूच विचारलं, तुम्ही खाल्लंत त्यांच्या हातचं? तर म्हणाल्या, "भूक लागली होती." ह्यापलीकडे त्यांनी त्या गोष्टीवर कधी काही म्हटलं नाही, आणि आजींनीही नाही. निळ्या काठाचा कप मात्र मला पुन्हा कुठे दिसला नाही.

"आईंनी लक्ष्मीबाई नसती वाचली तर स्वतःचा कप आणला असता का?" वहिनींनी विचारलं.

मला वाटतं, आणला असता. एखादी बाई आपल्यासारखीच आपल्या आधी होऊन गेली, हे कळलं की बळ येतं, पण ते मुळात अंगात असावं लागतं.

तेवढ्यात दारात भाजीची हातगाडी आली. वहिनींनी भिंतीवरूनच गवार कोवळी आहे का विचारलं, त्यानं कोवळी आहे सांगितलं, वहिनींनी तिथूनच नाही म्हणून सांगितलं. "आई असत्या तर एक शेंग मोडून दाखवायला लावली असती," म्हणाल्या. भाजीवाल्यानंही आजी कुठे दिसत नाहीत म्हणून विचारलं. त्याला सांगितल्यावर त्यानं गाडीवरची चार लिंबं उचलून भिंतीवर ठेवली आणि पैसे न घेता पुढे गेला. रोज ज्याच्याशी भाव करून भांडायच्या, तो!

मग वहिनींनी जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं शेजार असून.

"मोठे दीर गेले ना अपघातात, त्यानंतरचं वर्ष. आई दर रविवारी चर्चला यायच्या. पहिल्या बाकावर बसायच्या. पण गाणं नाही. 'उपासना संगीत' मांडीवर बंद. प्रभुभोजनाला उठायच्या नाहीत. लोक कुजबुजायला लागले. पाळकसाहेब घरी आले, तेव्हाचे म्हातारे पाळक. बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक काढलं, वाचून दाखवलं. आईंनी त्यांना चहा दिला, पोहे दिले, आणि म्हणाल्या, पाळकसाहेब, माझं आणि देवाचं बोलणं बंद आहे. पण त्याच्या घरी जाणं मी सोडणार नाही. त्यानं रोज माझं तोंड बघावं."

"मग?"

"मग काय, म्हातारे पाळक पोहे खाऊन गेले. जाताना एवढंच म्हणाले, बाई, तुमचं बरोबर आहे."

"आणि पहाटेची प्रार्थना? ती तर मी रोज ऐकत होते."

"त्या वर्षी आठवून बघा. तुमच्या सगळ्यांची नावं होती. आमच्या घरातलं एकही नव्हतं. दुसऱ्यांची कामं अडायला नकोत म्हणायच्या. आमचं काय ते नंतर बघू."

मी आठवून बघितलं. खरंच नव्हतं.

पुन्हा बोलणं कधी सुरू झालं ते वहिनींनाही सांगता येईना. काही चमत्कार नाही, स्वप्न नाही. एका रविवारी टिळकांचं एक भजन लागलं, टाळ-पेटी सुरू झाली, आणि आजींच्या गळ्यातून आवाज निघाला, तो चर्चभर. पेटीवाल्यानं पट्टी बदलली, कारण आजी खालच्या पट्टीत गात होत्या.

लक्ष्मीबाईंच्या वाट्यालाही मरणं काही कमी आली नव्हती. प्लेगच्या दिवसांत नगरला नवरा-बायकोनं आजाऱ्यांची सेवा केली, मरण रोजचं झालं होतं. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरचाच मुलगा होऊन राहिलेले. 1907च्या जळगावच्या कविसंमेलनात ज्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली तेच. 5 मे 1918ला भादली स्टेशनजवळ आगगाडीखाली गेले, तिशीसुद्धा गाठली नव्हती. पुढच्याच वर्षी, 9 मे 1919ला टिळक गेले. त्यानंतर ही बाई सतरा वर्षं जगली. लेकाबरोबर कराचीपर्यंत जाऊन आली, आणि टिळकांनी अर्धवट सोडलेलं 'ख्रिस्तायन', येशूचं सबंध चरित्र ओव्यांत, ते पुरं केलं. टिळकांनी लिहिले दहा-अकरा अध्याय, बाकीचा डोंगर हिनं उचलला. 1933 साली नागपूरला ख्रिस्ती साहित्य संमेलनाची अध्यक्षही झाली. शाळेत न गेलेली बाई!

आणि 'स्मृतिचित्रे' तर मुळात स्वतःवर लिहायलाच घेतलं नव्हतं. मुलाला वडिलांच्या आठवणी हव्या होत्या, त्या लिहायला बसली. टिळकांचं चरित्र बाजूला राहिलं आणि त्यातून ही उभी राहिली. 1934 ते 1936 ह्या काळात त्याचे चार भाग निघाले, शेवटचा ती गेल्यावर. आणि गंमत म्हणजे त्या काळात, जेव्हा बाया नवऱ्याला 'इकडून' आणि 'स्वारी' म्हणत, ही सरळ 'टिळक' लिहिते. रमाबाई रानड्यांच्या आठवणी 1910च्या, त्याही सुंदर आहेत, पण त्यात नवरा चौरंगावर बसलेला आहे. लक्ष्मीबाईंचा नवरा खाली, पाटावर, बऱ्याचदा चुकीच्या पाटावर. हे माझं मत आहे, आजींचं नव्हे. आजी म्हणायच्या, रानड्यांच्या घरात स्वयंपाकी होता, त्यामुळे तिला नवऱ्याकडे बघायला वेळ मिळाला.

"मग ते पुस्तक?" मी शेवटी विचारलंच. बराच वेळ मनात होतं.

वहिनींनी ओळखलं. "वाटच बघत होते तुम्ही कधी विचारता त्याची. आईंनी सगळ्याची वाटणी करून ठेवलीय, कागदावर. बायबल धाकट्या दिरांना. 'उपासना संगीत' पेटीत त्यांच्याबरोबर गेलं. शिवणयंत्र नातीला. लोणच्याची बरणी मला."

"बरणी तुम्हाला?"

"मला. कागदावर लिहिलंय, हात धुवून, कोरडा करून." वहिनींचा आवाज जरा फाटला, पण लगेच सावरल्या. "आणि 'स्मृतिचित्रे' शेजारच्या काकूंच्या सुनेला. म्हणजे तुम्हाला. पण मी अजून देणार नाही. मी वाचतेय."

मी चकित झाले. वहिनी टीव्हीवरच्या पट्टीशिवाय काही वाचत नाहीत, असा माझा समज होता.

"कुठवर आलात?"

"टिळक आगगाडीत बसलेत. आता तो साहेब येईल. मला पुढचं सगळं माहीत आहे, आईंनी हजारदा सांगितलंय. तरी वाचताना वाटतं, ह्यानं डबा बदलावा." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पानोपानी आईंच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. एके ठिकाणी समासात लिहिलंय, 'सूनबाईला वाचून दाखवणे.' कधी दाखवलं नाही हो. आमचं तेव्हा बरणीवरून बिनसलेलं असणार."

आमच्या आजींची प्रत चार भाग एकत्र असलेली, जाडजूड. लक्ष्मीबाईंच्या नातवानं, अशोक टिळकांनी, पुढे आपल्या आजीचं हे पुस्तक टिपा देऊन, नीट संपादून पुन्हा काढलं, ती आवृत्ती दुकानात मिळते. शाळेत आपण वाचतो तो नुसता एखादा उतारा, आणि बाजारात छोट्या केलेल्या आवृत्त्याही आहेत. त्या घेऊ नका. कापलेल्या भागातच खरी भांडणं आहेत. सबंध पुस्तक घ्या, आणि घरात कुणी म्हातारी असेल, कुठल्याही देवाची, तर तिच्याकडूनच मोठ्यानं वाचून घ्या. ती मध्येच थांबून जे स्वतःचं सांगेल ते कुठल्याच आवृत्तीत नाही.